माझ्या कॅसेटवर साहेबांच्या मेहुण्याचं लग्न

मंडळी, कायमचा गावी परततोय म्हणून आज कतारच्या दोह्यातली, नजमा भागातली खोली आवरत होतो. पेटीच्या तळाशी ती कॅसेट सापडली.

ऐंशीच्या दशकात मी इथे टेलर म्हणून आलो. बायको वारली होती आणि लेक गावाकडच्या सरकारी बालगृहात होती. सुट्टीवर निघालेल्या प्रत्येकाच्या हाती मी तिला माझा आवाज भरून पाठवायचो. टेपमध्ये घरघर येऊ नये म्हणून एसी बंद करायचा आणि सगळ्या खोलीने घाम पुसत गप्प बसायचं.

तिला त्यातलं काहीच ऐकायला मिळालं नाही. मुलांसाठी आलेला टेपरेकॉर्डर अधीक्षक साहेबांच्या घरी वाजायचा. स्टोअर त्यांच्या मेहुण्याकडे, तक्रारी ऐकायला त्यांचाच मावसभाऊ! मी सुट्टीवर गेलो तेव्हा ही एकच कॅसेट परत मिळाली. लावली, तर तिच्यावर मेहुण्याच्या लग्नाचा बँड. संतापून बंद केली, ती आजपर्यंत.

आज आवरता आवरता जुन्या टेपवर लावली आणि वाजू दिली. बँड थांबला आणि शेवटी माझाच तरुण आवाज आला, "घाबरू नकोस हं चिमणे, बाबा येतोय." मागून माझ्या खोलीतले, रत्नागिरीचे हसनभाई ओरडले, "खलास? यल्ला, चल, आता एसी लाव!"

हसनभाई आता नाहीत. रिकाम्या खोलीत मी एकटाच हसलो.

लेकीला वाटत राहिलं, बापाने आपल्याला टाकलं. अजूनही माझ्या मेसेजला नुसता अंगठा येतो.

एवढाच तुकडा तिला पाठवू का? की घाबरायचं तिचं वय केव्हाच सरलं?