देव्हाऱ्यापुढचा कोपरा

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. तिथे गोठ्यात, म्हशींच्या दावणीमागे, भावाने ससे पाळले होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा येताना त्यातलं एक पिल्लू पिशवीत घालून सासरी जुन्नरकडे घेऊन आले. पोरी माहेराहून लाडू-चकल्या आणतात, मी ससा आणला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, पिशवीत डोकावून एवढंच विचारलं, "ह्ये खायाचं का पाळायचं?"

पाळायचं होतं, आणि तेही घरातच. तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या शिरला होता. शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा त्याने नेला, साखळी तेवढी मागे राहिली. आमचा गोठा तिन्ही बाजूंनी उघडा. तिथे ससा ठेवायचा म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवण्यासारखंच.

ससा घरभर हिंडायला लागला. लेंड्यांचं मला काही वाटत नव्हतं, झाडू फिरवला की गेल्या. खरं दुखणं मुताचं. पुढच्या खोलीत फरशी होती, स्वयंपाकघरातही होती. मधली खोली मात्र मातीची, शेणाने सारवलेली, आणि देव्हारा तिथेच. एवढं घर मोकळं पडलेलं असताना या शहाण्याला पसंत पडला तो नेमका देव्हाऱ्यापुढचा कोपरा.

मी एक जुनं घमेलं काढलं, त्यात भाताचं तूस पसरलं आणि वर कोवळ्या लसूणघासाची मूठ ठेवली. ससा घमेल्यात जाऊन बसायचा, घास खायचा, पंजांनी तोंड पुसायचा आणि खाली उतरून सरळ देव्हारा गाठायचा. "हॉटेल समजतोय राव तो घमेल्याला," असं म्हणून नवरा हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं.

आत्या सोवळ्याओवळ्याच्या कडक. रोज सकाळी त्या ओली माती खरवडून काढायच्या, ताजं शेण कालवायच्या आणि तोंडाने माझा उद्धार करत तो कोपरा सारवायच्या. शेणाने जागा शुद्ध होते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सारवण जरा वाळतंय तोच ससा तिथे हजर.

शेवटी त्यांचा पारा चढला. "चतुर्थीला ओझरला जानारं पावणं रातच्याला उपास सोडाया आपल्याकडं येत्यात. तवर ह्याला वळण लाव, न्हाईतर गोठ्यात बांध. देवापुढं मुतनारं जनावर मी घरात ठेवनार न्हाई."

त्यांचं चूक होतं असं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. घरात सगळी माणसं चांगली होती, पण ती एकमेकांची होती. माझा म्हणावा असा जीव त्या घरात हा एकच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आत्या सकाळीच बायकांबरोबर लेण्याद्रीला गेल्या आणि सारवण राहिलं. ससा नेहमीप्रमाणे कोपऱ्यात आला, कोरडी जमीन हुंगली आणि मागे फिरला. या खोलीतून त्या खोलीत घुटमळत तो मागच्या दाराशी गेला. गोवऱ्यांसाठी आणलेल्या शेणाची पाटी तिथे होती. पाटीला अंग घासून बसला आणि तिथेच मोकळा झाला.

मी कपाळावर हात मारला. गोठ्यात जन्मलेलं पिल्लू ते, शेणाचा वास आला की आपली जागा आली एवढंच त्याला ठाऊक. आत्या रोज जागा शुद्ध करत होत्या आणि हा समजत होता, आपली मोरी तयार झाली. मी एकटीच खूप हसले. मग भानावर आले. देव्हाऱ्यापुढे सारवू नका, हे आत्यांना सांगायचं कुणी?

त्या परत आल्यावर चहाचा कप हातात देऊन मीच सगळं सांगितलं. "शेण घमेल्यात लावून बघते, आत्या. पण देवापुढचा कोपरा थोडे दिवस तसाच राहू द्या."

आत्यांनी चहा पूर्ण संपवला. मला वाटलं, आता ससाही गेला आणि मीही.

"तू नवी आलीस तवा काम झालं की गोठ्यात जाऊन बसायचीस," त्या म्हणाल्या. "म्हशीपाशी. मला ठावं व्हतं. म्हनलं, बसू दे. घरची याद येत आसंल पोरीला."

मी तिथे बसून रडायचे. ते कुणालाच माहीत नाही, असं इतके दिवस धरून चालले होते. मी त्यांचा रिकामा कप उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा एकदा पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी सगळी खोली सारवली, कोपरा तेवढा सोडून. उरलेलं शेण त्यांनी स्वतःच्या हाताने घमेल्याच्या तळाला थापलं. त्यावर मी तूस पसरलं. पाहुणे यायच्या आत ससा घमेल्यात जाऊन बसला आणि उतरला तेव्हा तूस ओलं होतं. आत्यांनी वाकून पाहिलं, हुं म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

जेवणं झाल्यावर पाहुण्यांतल्या एका म्हातारीची नजर देव्हाऱ्याकडे गेली. "आगं, सनावाराचा देवापुढचा कोपरा तसाच ऱ्हायला की!"

"ऱ्हायला न्हाई, म्या ठिवलाय," आत्या म्हणाल्या. "सुनंच्या म्हायेरचं मानूस हाय घरात."