सकाळी तर चालू झाली होती

माझा स्वभाव तापट आहे. तापट हा शब्द माझा. घरचे याहून साधे शब्द वापरतात. त्यात मला गाडीतलं कळतं, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

आमची गाडी पंचवीस वर्षं जुनी. कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन नवंनवं आलं, तेव्हाची. बाबांनी ती सेकंडहँड घेतली. ते गिरणीत फिटर होते, त्यामुळे गाडीचं बरंचसं काम घरीच व्हायचं. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, आणि गाडी माझ्याकडे आलीय. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लोक दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलतात. ही जुनी मी चालती ठेवलीय, याचा मला भारी तोरा. कुणाची गाडी अडली की मी खाली जाऊन शिकवणी घेते: आधी विचार करा, शेवटची चालू झाली तेव्हापासून नेमकं काय बदललं? तिथेच दोष असतो.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडी पार्किंगमधून काढून गेटजवळ उन्हात लावली. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. स्टिअरिंगला हळद-कुंकू मात्र बाबांनी लावायचं, हा आमच्याकडचा नेम. ते ड्रायव्हरच्या सीटवर पाचेक मिनिटं बसले, हात फिरवून उतरले. मग देवळापर्यंत चक्कर मारायला मी बसले आणि किल्ली फिरवली.

स्टार्टर जोरात फिरला. इंजिन काही धरेना. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. गेटपाशी सात-आठ जण पूजेला जमलेले होतेच, त्यातल्या एकीने "अगंबाई, दसऱ्याच्या दिवशी!" म्हणून तोंडावर हात ठेवला. माझं डोकं तिथेच फिरलं.

मी बॉनेट उघडलं. बॅटरी ठीक. प्लगला ठिणगी येत होती. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. फ्यूज पाहिले, पंपाला वीज देणारा रिले काढून हॉर्नचा तिथे बसवून पाहिला. या गाड्यांत किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून पंप दोन सेकंद गुणगुणतो. तो गुणगुणतोय का, हे ऐकायला हवं होतं. पण शेजारच्या मंडळाचा स्पीकर छाती फोडत होता, आणि मला ऐकायचंही नव्हतं. कारण माझ्यापुरता दोषी मला सापडला होता.

आमच्या गाड्या धुणारा माणूस कांजूरमार्गहून येतो. माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान असेल, पण मी त्याला सरळ अरे-तुरे करते. आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं, "ताई, उद्या मी नाही, उद्या आमचा विहारात कार्यक्रम. आजच सगळ्यांच्या करून टाकतो." मीच म्हटलं होतं, "मग बॉनेट उघडून इंजिनपण चकाचक कर." त्याने केलंही होतं. वायरिंगमध्ये पाणी गेलं असणार, दुसरं काय! मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, असशील तिथून आत्ताच्या आत्ता ये.

तो आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कडक इस्त्री. बायको आणि मुली गेटच्या बाहेर रिक्षात थांबल्या होत्या, त्याही पांढऱ्या साड्यांत. आज त्यांचा वर्षाचा मोठा दिवस आहे हे मला ठाऊक होतं. कळलं नव्हतं, असं आज लिहून सुटता येईल, पण ठाऊक होतं.

सगळ्यांसमोर मी त्याला धारेवर धरलं. अक्कल गहाण टाकलीस का, इंजिनात कुणी पाइप सोडतं का, जुनी गाडी आहे, पार्ट मिळत नाहीत. मग म्हटलं, "आता पूस एकेक कनेक्टर. कोरडं कर." त्याने बाह्या दुमडल्या आणि तो वाकला. एवढंच म्हणाला, "ताई, सकाळी तर चालू झाली होती ना? तुम्हीच बाहेर काढली."

मी म्हणाले, "आता तू मला गाडी शिकवणार?"

अर्धा तास त्याने पुसलं. गाडी चालू झाली नाही. जाताना त्याच्या उजव्या बाहीवर, कोपराच्या वर, काळ्या ग्रीसचा पट्टा उमटला होता. पट्टा दुसऱ्या हाताने झाकून तो रिक्षात बसला. मी पाहिलं, आणि बॉनेट आपटून बंद केलं.

संध्याकाळपर्यंत सोसायटीत बातमी पसरली की हा इंजिनात पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने वॉचमनला सांगितलं, त्याला आत सोडू नको. मी नको म्हटलं नाही. आमच्या सोसायटीतल्या बारा गाड्या त्याच्या हातून गेल्या.

चौथ्या दिवशी मी मेकॅनिकशी फोनवर पंप बदलायचं बोलत होते. बाबा खिडकीपाशी बसून ऐकत होते. या चार दिवसांत त्यांनी दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्हीदा मी म्हटलं होतं, बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. फोन ठेवल्यावर ते आपल्या मालवणीत म्हणाले, "गो चेडवा, चोर स्विच बघितलंस?"

पूर्वी गाडी रस्त्यावर उभी असायची, चोऱ्या व्हायच्या, म्हणून बाबांनी डॅशबोर्डखाली एक छुपा स्विच बसवला होता. तो बंद केला की पंपाची वीज तुटते. उतरताना तो बंद करायची त्यांच्या हाताला सवय. सोसायटीत आल्यापासून आम्ही तो कायम चालू ठेवलेला. मी तर विसरूनच गेले होते. दसऱ्याला ते त्या सीटवर बसले आणि उतरताना हाताने आपलं जुनं काम केलं.

मी खाली गेले. गुडघ्यापाशी चाचपलं, खटका वर केला, किल्ली अर्धी फिरवली. मागून गुणगुण आली. पहिल्या फिरकीत इंजिन धरलं.

शेवटची चालू झाली तेव्हापासून काय बदललं? बाबा बसले होते. दुसरं काहीच नाही. माझाच नियम, आणि त्याची आठवण मला करून दिली होती गाडी धुणाऱ्याने.

आता इथे मी काय केलं ते सांगते, कारण खरी लाज त्याचीच वाटते. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "फॉल्ट सापडला! बाबांनी चुकून चोर स्विच बंद केला होता." पुढे हसणारा चेहरा. लोक हसले, बाबांच्या चोर स्विचचं कौतुक झालं. त्या माणसाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. उद्या लिहू म्हटलं. असे सहा उद्या गेले.

बाबा फोन वाचत नाहीत. त्यांना शेजारच्या काकूंकडून कळलं की त्याला गेटवर अडवलंय. त्यांनी काठी हातात घेतली. "चूक माझ्या हाताची, आणि शिक्षा तेका? माका खाली न्हे."

तो आमच्या समोरच्या इमारतीबाहेर, रस्त्यावरच्या गाड्या पुसत होता. बाबांना तिथपर्यंत जायला दहा मिनिटं लागली. मी सोबत होते, त्यांचा हात धरून, मान खाली घालून. माफी मीच मागणार, असं मी लिफ्टमध्ये ठरवलं होतं. पण आम्ही पोचलो आणि बाबांनी काठी माझ्या हातात देऊन त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले. "चूक माझी आसा रे. स्विच मी बंद केलंय. म्हातारपण. चेडवाक काय कळणार?"

मी काठी धरून उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बरं वाटलं. सगळं बाबांच्या म्हातारपणावर निभावून जात होतं.

त्याने फडकं टाकून बाबांचे हात खाली केले. "काका, तुम्ही कशाला हात जोडता? तुमची कसली चूक. मी ताईंना तेव्हाच बोललो होतो, सकाळी तर चालू झाली होती ना."

तो साधेपणाने बोलला, चिडून नाही. पुन्हा फडकं उचलून त्याने ते बादलीत पिळलं.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "ह्येणां तुका सांगितलेलां?"

"हो," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या हातातून काठी घेतली आणि परत यायला माझा हात धरला नाही.