जळगाव ते धुळे : विमानाची रेघ

जळगावहून उडालेले विमान धुळ्यास उतरायचे म्हटले, तर त्याला किती अंतर कापावे लागेल आणि किती वेळ लागेल? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा प्रश्न आमच्या घरी माझ्या वहिनींनी काढला. विमानात बसलेले कोणी आमच्या ओळखीत नव्हते. तरीही प्रश्न रिकामपणाचा नव्हता. वहिनींना धुळ्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्याची नोकरी मिळत होती. त्यांची लहान मुलगी मात्र जळगावला आमच्यापाशी राहणार होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, एकच अट घातली : शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर निघून दिवेलागणीच्या आत मुलीपाशी पोहोचता येत असेल, तरच जावे. ते जमणार नाही, याची त्यांना खात्री होती.

आबांची सारी हयात रेल्वेच्या नोकरीत गेलेली. त्यांच्या लेखी धुळ्याला जायचे म्हणजे आधी चाळीसगाव गाठायचे, तेथे गाडी बदलायची, फलाटावरचा चहा पीत ताटकळायचे आणि मग पुढे निघायचे. जेथे रूळ नाहीत तेथून प्रवासच होत नाही, अशी त्यांची समजूत.

वहिनींनी वाद घातला नाही. खानदेशाचा नकाशा पसरला, दोन गावांवर टाचण्या रोवल्या आणि दोरा ताणून मला म्हणाल्या, "वन्सं, प्रमाणपट्टीला लावून सांगा बघू."

सरळ रेषेत सुमारे पन्नास मैल भरले. ताशी शंभर मैलांचे विमान धरले, तर अर्धा तास.

आबा हसले. "इमान काय आपला आंगनमा उतरी का?"

"नाही उतरणार, आबा. पण सरळ रेघ ठाऊक असली, की कोणती वाट किती वळसा घालते ते कळतं."

मग त्यांनी दोरा रुळांवरून फिरवला. तो दुपटीच्या जवळ गेला. एरंडोल-पारोळ्याच्या मोटाररस्त्यावरून फिरवला, तेव्हा विमानाच्या रेघेपेक्षा जेमतेम बोटाचे पेरभर अधिक लागला. उत्तर स्वतः न सांगता समोरच्याच्या हातून मोजून घेण्याची ही रीत मी पुढे वर्गात आयुष्यभर वापरली. त्यांच्याइतकी ती मला कधी साधली नाही.

"दोरा अंतर सांगस," आबा म्हणाले, "टाइम कोन सांगी?"

आक्षेप रास्त होता, आणि तो त्यांनीच तडीस नेला. पुढच्या शनिवारी पहाटेच्या मोटारीने ते धुळ्यास गेले, शाळा सुटण्याच्या वेळेपर्यंत तेथे थांबले आणि परत फिरले. दिवे लागायच्या आत ते दारात उभे होते. टोपी, भुवया धुळीने माखलेल्या. वहिनी मुलीला कडेवर घेऊन उंबऱ्यापाशी थांबल्या होत्या.

"रस्ता बरा शे," आबा म्हणाले. "पन चाळीसगावना च्या तठे भेटस नही. जाय तू."

वहिनी गेल्या, आणि शनिवारी येत राहिल्या. वाचकांनी मात्र माझ्या आकड्यांवर विसंबू नये. नकाशा आणि दोरा घेऊन तिन्ही वाटा स्वतः मोजून पाहाव्यात, ही विनंती.