सर्वानुमते मंजूर

विजयमाला मगदूम जयसिंगपूरहून रोज एसटीनं कोल्हापूरला, विद्यापीठात यायच्या. सभा विभागात सव्वीस वर्षं झाली होती. व्यवस्थापन परिषदेत कोण काय बोललं, काय ठरलं, ते इतिवृत्तात उतरवायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या लिखाणात काना-मात्रेचाही फरक नसतो, असं जुने सदस्य सांगत.

मार्चमधली सभा लांबली. बाई जैन, सूर्यास्तानंतर जेवत नसत. दिवस मावळला, म्हणजे आता सकाळपर्यंत पोटात काही जाणार नाही, हे त्यांनी ओळखलं. सदस्य उठायच्या बेतात असताना ऐनवेळचा विषय निघाला. दूरच्या चंदगडचं मुलींचं उपकेंद्र बंद करून तिथल्या मुलींना कोल्हापुरात सामावून घ्यायचं. कागद आधी कुणालाच दिलेला नव्हता. प्राध्यापक वर्षाराणी देसाई उठल्या. त्या मुली इथवर कधीच पोचणार नाहीत, माझा विरोध नोंदवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मॅडमच्या भावना लक्षात घेऊ, म्हणत कुलगुरूंनी सभा संपवली.

विजयमालाबाईंनी विरोध नोंदवला. मसुदा परत आला, त्या ओळीवर लाल रेघ मारून. पुन्हा लिहिला, पुन्हा रेघ. तिसऱ्यांदा कुलसचिवांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि निवृत्तीला किती दिवस राहिले, एवढंच विचारलं. चौदा महिने राहिले होते. बाईंनी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून सही केली.

जूनमध्ये एक मुलगी माहिती अधिकारात मिळालेली इतिवृत्ताची प्रत घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. स्वप्नाली गावडे, उपकेंद्रात दुसऱ्या वर्षाला होती.

“मॅडम, एवढी माणसं बसलेली. एकालाबी आमची आठवण झाली न्हाय व्हय?”

बाईंना थाप मारता आली असती. “झाली होती,” त्या म्हणाल्या. “देसाई मॅडम बोलल्या होत्या. मी ते लिहिलं नाही.”

मुलगी रागावली नाही, प्रतीची नीट घडी घालून निघून गेली. बाईंना तेच सोसेना.

त्याच आठवड्यात त्यांनी कुलपती कार्यालयाला स्वतःच्या नावानं पत्र धाडलं. इतिवृत्त खोटं आहे आणि ते मीच लिहिलंय, असं त्यात होतं. दोन महिन्यांनी ते पत्र ‘उचित कार्यवाहीसाठी’ विद्यापीठाकडे आलं, थेट कुलसचिवांच्याच टेबलावर. बाईंना गोपनीयता मोडल्याची नोटीस निघाली. देसाई मॅडमनी सभेत विषय काढला, तर ते इतिवृत्त मेमधल्या सभेतच कायम झालंय, आता बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं.

उपकेंद्राला कुलूप लागलं. बासष्ट मुलींपैकी अकरा जणींनी कोल्हापुरात प्रवेश घेतला. बाईंनी यादी तीनदा वाचली. स्वप्नालीचं नाव नव्हतं. त्यांनी फोन लावला. ती काजूच्या कारखान्यात लागली होती.

“तुमच्या पत्राचं काय झालं, मॅडम?”

काय झालं ते बाईंनी सांगितलं.

“म्हंजे आमच्या वह्या ज्यांनी बंद केल्या, तुमचं पत्रबी त्यांच्याकडंच,” ती म्हणाली. तिकडून कुणीतरी हाक मारली, आणि तिला कामाला जावं लागलं.