बोंबीलवाल्या मावशीचं नाक

बोंबीलवाली मावशी दारात आली की आधी नाक मुरडायची, मग टोपली उतरवायची. माणिकपूरच्या आमच्या बिल्डिंगीत नाक मुरडण्यासारखं तिला रोज काही ना काही सापडायचं. कधी तुंबलेलं गटार, कधी कोपऱ्यावर जाळलेल्या प्लॅस्टिकचा धूर. "शी! शिकलेली मानसं नं तुम्ही?" म्हणायची. आई हसून तिला पाणी द्यायची.

ती पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. बोंबलांच्या बाबतीत तिचं सोवळं भटजीलाही झेपलं नसतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगायची आणि कडक वाळेपर्यंत तिथून हलायची नाही. विकताना आधी एक मोडून स्वतः चावून बघायची. "मी खाईन तोच तुला दीन."

पुढे पुढे हिवाळ्यातही पाऊस यायला लागला. बोंबलाला हवं कोरडं ऊन आणि वारा. एकदा असाच पाऊस पडून गेल्यावर आई आणि मी पाचूबंदरला गेलो. वलांडीवरचे बोंबील बुळबुळीत होऊन लोंबत होते, त्यांत अळ्या वळवळत होत्या. नाकाला रुमाल लावलेला एक व्यापारी तिला समजावत होता, "मावशी, मीठ चोळा, दोन उन्हं द्या. नव्या कॉम्प्लेक्समधल्या लोकांना काय कळतंय?"

"तुज्या पोरांना वाढ आदी!" मावशी कडाडली. सगळा माल तिने खड्डा खणून पुरला. व्यापाऱ्याने शेजारचा तसलाच माल उचलला आणि खपवलाही. त्या माणसाची मला आजही किळस येते, आणि तो माल चवीने खाणाऱ्या आम्हा शहाण्यांचीही.

पेपरात तेव्हा वितळणाऱ्या बर्फाचे फोटो यायचे. मावशीला पेपर वाचता येत नव्हता, पण समुद्रात पाय घालून ती म्हणायची, "पानी मुतासारं कोमट लागतंय." मासा खोल गेला म्हणून तिचा मुलगा होडी लांब न्यायचा, डिझेल जास्त जाळायचा. त्यालाही ती सोडायची नाही. "येवडा धूर वर धाडलाव, आभाल तो किती गिलेल? आता ओकतंय!"

पुन्हा दोनदा माल कुजला. मग तिने वलांड्या मोडल्या आणि आमच्याकडे यायचीही बंद झाली.

ती मला शेवटची भेटली ते भर मे महिन्यात, कोळंबी सोलायच्या एका कारखान्याच्या फाटकाशी. अंगात स्वेटर, कानाला फडकं, बोटं पांढरीफटक. आतला हॉल गार ठेवणारी भिंतीबाहेरची यंत्रं रस्त्यावर गरम वाफारा सोडत घरघरत होती.

"मावशी, बरी आहेस ना?"

"बरी कसली? आत थंडीनं बोटं मरतात, आन् आतली गरमी भायेर लोकांच्या तोंडावर." ती त्या यंत्रांकडे बघून पचकन थुंकली. "शिव्या कोनाला देऊ आता? मी पन त्यांच्यातलीच झालेय."

आतून घंटा वाजली. पदराने तोंड पुसून ती थंडीत परत गेली.