पूर्वअटीचा रकाना

नोकरीच्या एकविसाव्या वर्षी माझी पोस्टिंग एका सैनिकी अभियांत्रिकी कॉलेजात झाली. तोवर मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये पूल बांधले होते, सुरुंग काढले होते आणि बरीच वर्षं तंबूत काढली होती. रँक नायब सुभेदार. कॉलेजात ट्रेनिंग ऑफिसमध्ये टेबल मिळालं. गोव्यात केरीला घरी फोन केला तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी पंख्याखाली बसशात." मलाही तसंच वाटलं होतं.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. जे झालं त्यात कॉलेजचा भाग किती आणि माझा किती, ते शेवटपर्यंत वाचणाऱ्याला कळेल.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की फौजेत शिक्षण म्हणजे परेड आणि फायरिंग. आमच्या कॉलेजात सेवेतल्या जवानांसाठी तीन वर्षांचा पदवी कोर्स होता. सहा सेमिस्टर. गणित, पदार्थविज्ञान, सर्वेक्षण, मृदाशास्त्र, काँक्रीट, रस्ते, पूल. प्रत्येक बॅचला एक पुस्तिका मिळायची. तिच्यात प्रत्येक विषयाचा कोड, तास आणि गुण, आणि सगळ्यात खाली एक ओळ असायची. पूर्वअट. म्हणजे हा विषय घेण्याआधी कुठला विषय पास हवा. गणित एक झाल्याशिवाय गणित दोन नाही. मृदाशास्त्र झाल्याशिवाय पाया नाही. बहुतेक पोरं ती ओळ वाचत नसत. ती वाचणं हे माझं काम होतं. सेमिस्टर सुरू होण्याआधी प्रत्येकाचा फॉर्म माझ्याकडे यायचा. मी पूर्वअटी तपासायचो, सही करायचो, मग फॉर्म मेजर साहेबांकडे जायचा. मेजर साहेब माझी सही बघून आपली करत.

दिनक्रम ठरलेला होता. सहाला पीटी, आठला फॉल-इन, साडेआठ ते दीड वर्ग. दुपारी लॅब किंवा फील्ड. पाचला खेळ. पहिली सात सेमिस्टर मी हे काम केलं. एकही फॉर्म चुकीचा गेला नाही, असं मी तेव्हा अभिमानाने सांगायचो.

नाईक सुदेश घाडी माझ्या तिसऱ्या बॅचमध्ये आला. फॉर्मवर डिचोली तालुका वाचून मी मान वर केली. एवढ्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला की कोणालाही बरं वाटतं. सव्वीस वर्षांचा, सडपातळ, आवाज हळू. वडील खाणीवर टिपर चालवायचे. खाणी बंद झाल्या आणि काही वर्षांत वडीलही गेले. घरी आई एकटी. बारावी सायन्स करून भरती झाला होता.

"पदवी कशाला हवी?" मी विचारलं. सगळ्यांना विचारायचो.

"कमिशनसाठी अर्ज करायचाय, साहेब."

"वय?" ऑफिसर होण्याच्या अर्जाला वयाची मर्यादा असते.

"बसतं. कोर्स वेळेत संपला तर बसतं."

रविवारी तो माझ्या क्वार्टरवर यायचा. मी सुंगटाची, म्हणजे कोळंबीची, आमटी करायचो, कधी जमायची, कधी नाही. आम्ही आपल्या बोलीत बोलायचो. तो जेवताना फार बोलत नसे. जेवण झालं की वही काढायचा. गणित दोन त्याला जड जात होतं. मला तर मुळीच येत नव्हतं. तो सोडवायचा आणि मी समोर बसून पेपर वाचायचो. एवढंच. पण त्याला समोर कोणीतरी बसलेलं लागायचं.

तिसऱ्या सेमिस्टरला तो गणित दोनमध्ये नापास झाला. फेरपरीक्षा जानेवारीत होती, तिच्याआधी दहा दिवसांचा सक्तीचा वर्ग. त्याच पंधरवड्यात जलसुरक्षेचा कॅडर, म्हणजे छोटा कोर्स, होता. जलसुरक्षा म्हणजे पोहण्याची चाचणी, बोट हाताळणं आणि पाण्यात पडल्यावर काय करायचं, काय करायचं नाही. चौदा दिवस, वर्षातून एकदाच. चौथ्या सेमिस्टरच्या 'पूल आणि नदीपार' या विषयाला दोन्ही पूर्वअटी होत्या. गणित दोन आणि जलसुरक्षा.

सुदेश फॉर्म घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. सकाळचे अकरा वाजले होते.

"साहेब, दोन्ही एका वेळी होत नाहीत."

"मग गणित कर. जलसुरक्षा पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी केली तर पूल पुढच्या वर्षी. कोर्स एक वर्ष लांबला की वय जातं."

त्याने विनंती केली नाही. नुसता हिशेब सांगितला. फॉर्मवर पूर्वअटीच्या बाजूला एक छोटा रकाना होता. उमेदवाराला ते ज्ञान आधीच असेल तर सूट देण्याची शिफारस तिथे लिहायची. सर्वेक्षणाला तो रकाना मी बऱ्याचदा वापरला होता, कारण काही जवान रेजिमेंटमध्ये तेच काम करून आलेले असत. जलसुरक्षेला कधी वापरला नव्हता.

मी पेन उचललं आणि आपल्या बोलीत पोहण्याचं विचारलं, "पेवूक येता मां रे तुका?"

"येता, साहेब."

तो लगेच बोलला. मी लिहिलं: रेसिडेंट ऑफ कोस्टल स्टेट. स्विमर. खाली सही केली. मेजर साहेबांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "गोवा का है, इसको क्या तैरना सिखाएंगे." त्यांची सही झाली. सगळ्याला पाच मिनिटं लागली नसतील.

मी केरीचा. आमच्याकडे पोर चालायला लागलं की पाण्यात असतं. तेरेखोलच्या खाडीत मी सहा वर्षांचा असताना पोहायला शिकलो, कोणी शिकवल्याचं आठवतही नाही. गोवा म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं. डिचोलीच्या खाणपट्ट्यातून मी शंभर वेळा बसने गेलो असेन. तिथे समुद्र नाही, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

फेरपरीक्षा तो चांगल्या गुणांनी पास झाला. त्या रविवारी मी आमटी केली ती बरी झाली होती.

फील्ड प्रॅक्टिकल मार्चमध्ये होतं. नदीवर तरंगता पूल आधीच बांधलेला होता. पाण्यावर ओळीने पाँटून, म्हणजे पोकळ तराफे, आणि त्यांच्यावर रस्ता. वर्गाचं काम सोपं होतं. पुलाच्या वरच्या अंगाला बोटीतून जाऊन प्रवाहाचा वेग आणि पात्राची खोली मोजायची. सहा-सहा जणांच्या चार बोटी. प्रत्येकाला लाइफ जॅकेट. मी किनाऱ्यावर सेफ्टी पोस्टला होतो. हातात रेडिओ सेट आणि हजेरीची यादी. सुदेश दोन नंबरच्या बोटीत होता. बोटीचा कमांडर हवालदार बलबीर, जुना माणूस, हात पक्का.

9.05 ला बोटी निघाल्या. सुदेश बोटीची कड धरून मधोमध बसला होता. मी ते पाहिलं. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

9.21 ला दोन नंबरचं इंजिन बंद पडलं.

"कंट्रोल, बोट टू. इंजन फेल. चप्पू पे आ रहे हैं."

"बोट टू, कंट्रोल. लंगर डालो."

"डाल रहे हैं."

लंगराने तळ धरला नाही. वरून पाणी जास्त येत होतं. बोट आडवी झाली आणि पुलाकडे वाहत गेली. पोरं वल्ही मारताना मला दिसत होती. 9.23 ला बोट पाँटूनला आडवी लागली, तिची प्रवाहाकडची कड खाली दबली, आत पाणी शिरलं आणि ती उलटली. हे सांगायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात झालं.

मी मोजायला लागलो. चार जणांनी पाँटूनचे दोर धरले होते. पाचवा दोन पाँटूनच्या मधून वाहत गेला आणि पुलाच्या खालच्या अंगाला वर आला. रेस्क्यू बोटीने त्याला उचललं. तो बलबीर होता.

"कंट्रोल, रेस्क्यू. कितने हैं?"

"छह. छह थे. पाँच दिख रहे हैं."

"कौन नहीं है?"

मी यादीकडे पाहिलं नाही. "घाडी," मी म्हणालो.

पाणबुडे 9.26 ला पाण्यात उतरले. 9.37 ला त्यांनी त्याला बाहेर काढलं. तो तिसऱ्या पाँटूनच्या बुडाखाली होता. बुडाला जी लोखंडी कड असते ती त्याने दोन्ही हातांनी पकडली होती. पाणबुड्यांना बोटं एकेक करून सोडवावी लागली. जॅकेट त्याला वर, पाँटूनच्या बुडाशी दाबून धरत होतं. हॉस्पिटलमध्ये 10.15 ला डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

जलसुरक्षेच्या कॅडरमध्ये नवव्या दिवशी एक धडा असतो. मी स्वतः तो पूर्वी घेतलेला आहे. तरंगत्या पुलाखाली सापडलात तर काहीही धरू नका. हात सोडा, प्रवाहाबरोबर जा, पाँटून काही हातच रुंद असतो, पलीकडे उजेड आहे. हे आम्ही पाण्यात दहा-दहा वेळा करून घेतो, कारण माणसाचा हात आपोआप धरतो. बलबीरने काही धरलं नाही आणि तो वाचला.

पार्थिव घेऊन मी आलो. दाबोळीला विमान उतरलं, तिथून फौजेच्या गाडीने वास्को मागे टाकून डिचोलीला. गावात मानवंदना झाली. सगळं नीट झालं.

बाराव्याला मी एकटा गेलो. घर छोटं, स्वच्छ. मागच्या बाजूला टेकडी अर्धी कापलेली आणि तिच्या पायथ्याशी खाणीचा खड्डा, हिरव्या पाण्याने भरलेला. भोवती काटेरी तार. मी तिकडे बघतोय हे तिने पाहिलं.

"त्या खड्ड्यात गावची दोन पोरां गेली," ती म्हणाली. "सुदेश तेवा पाच वर्सांचो. त्याच्या बापायन त्याका सपत घातली. पाण्याकडे मी त्याका कधी वचूक दिलंय नाय. न्हंयेर नाय, तळ्यार नाय."

नदीवर नाही, तळ्यावर नाही, मी मनात म्हटलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"मग तो पेवूक खंय शिकलो?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बोटीत बसवलं म्हणजे पोहणं फौजेने शिकवलं असेल असं तिला वाटत होतं.

मी गाडीची वेळ झाली असं सांगून उठलो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी सहा दिवस चालली. माझी साक्ष झाली. मी सांगितलं, "ती ओळ माझी आहे. मी खात्री केली नाही." अध्यक्ष कर्नल होते, सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्याला विचारलं होतं?" मी म्हणालो, हो. "त्याने काय सांगितलं?" मी म्हणालो, येतं म्हणाला. त्यांनी लिहून घेतलं. निष्कर्ष आला की इंजिन बंद पडल्याने अपघात, सूट नियमानुसार, कोणाचा दोष नाही. मेजर साहेबांची बदली आधीच ठरलेली होती, ते गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन को मत लगाओ, साब." मला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं. ठरावीक वेळी मला सुभेदारीची बढती मिळाली. ती मी घेतली, नाकारली नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या बॅचची पुस्तिका माझ्याच टेबलावर तपासायला आली. सूट देण्याचा रकाना काढून टाका, निदान जलसुरक्षेपुरता, असं मी लेखी दिलं होतं. रकाना तसाच होता. विचारलं तर सांगितलं की प्रकरण विचाराधीन आहे. मी आणखी दोन वर्षं तिथे होतो. ते विचाराधीनच राहिलं. त्या दोन वर्षांत मी एकालाही सूट दिली नाही. तिघांचं एकेक वर्ष गेलं, एकाचं कमिशन हुकलं. तो मला शिव्या देऊन गेला. त्याने सुदेशची गोष्ट ऐकलेली नव्हती आणि मीही सांगितली नाही.

निवृत्त झालो आणि केरीला आलो. आठव्या दिवशी डिचोलीला गेलो. सुदेशच्या आईला सगळं सांगितलं. रकाना, माझा प्रश्न, त्याचं उत्तर, मी लिहिलेली ओळ. इंग्रजीत जशी होती तशी वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला.

"त्याका सायब होवचां होतां," ती म्हणाली. "म्हणान तो खोटां बोललो."

"हो."

"तुमी त्याका आणखी एकदा विचारूक होया होतां."

"हो."

"तुमी परत येव नकात."

मी परत गेलो नाही. चार वर्षं झाली. डिचोलीला काम निघालं तर मुलाला पाठवतो.

आता पेडण्याच्या शाळेतून मास्तर मला बोलावतात. बारावीच्या मुलांना फौजेतल्या कोर्सची माहिती द्या म्हणतात. मी जातो. कुठला कोर्स, किती वर्षं, कुठले विषय लागतात, फळ्यावर लिहून देतो. पोरं फोटो काढून घेतात. मागच्या वेळी एका मुलीने विचारलं, एखादी अट पूर्ण होत नसेल तर काही सोय असते का. खडू हातात घेऊन मी उभा राहिलो. शेवटी मास्तरांनी दुसरा प्रश्न घेतला.

खाडीत मी आता उतरत नाही. घरात कोणी कारण विचारत नाही.

नाईक सुदेश घाडी. वय सत्तावीस. कोर्सच्या सहापैकी तीन सेमिस्टर पूर्ण. हे कॉलेजच्या रेकॉर्डमध्ये आहे. तो उकड्या तांदळाच्या भातावर आमटी आधी एका बाजूलाच ओतायचा आणि दुसरी बाजू कोरडी ठेवायची त्याला सवय होती. घरी त्याला बाबलो म्हणायचे. त्याच्या आईने पार्थिवावर हात ठेवून त्याच नावाने हाक मारली होती, तीनदा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. मी चार पावलांवर सॅल्यूट करून उभा होतो.