टॅपिटची फट

"थांबा. बोलू द्या त्याले," असे म्हणून मिस्त्री सर्वांना गप्प करी. मग पेचकसाचे टोक चालू इंजिनाच्या डोक्यावर टेकवी, लाकडी मूठ कानाशी धरी आणि डोळे मिटून घेई. ट्रॅक्टरचा मालक, हाकणारा, रस्त्याने जाणारे दोघेचौघे, सारे श्वास रोखून उभे राहत. थोड्या वेळाने तो डोळे उघडून सांगे, "दुसऱ्या सिलिंडरचा धुराचा वाल सैल हाये." झाकण काढले की नेमका तोच सैल निघे.

आपणही अशी माणसे पाहिली असतील. दुसऱ्याचे कौशल्य पाहून सज्जनाला आनंद होतो, असे आपण वाचलेले असते. मला आनंद झाला नाही. मला मत्सर वाटला. षड्रिपूंतील हा शेवटचा. वर्गात त्याचा अर्थ मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. त्याची खरी ओळख मात्र वरवट बकालच्या रस्त्याकडेला असलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. गावात दोन-तीन छोटे डिझेल ट्रॅक्टर आले होते, त्यांपैकी एक माझ्या धाकट्या भावाचा. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. आमचे वडील, बाबा, दशग्रंथी वैदिक. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. कान मात्र असे की पाठ म्हणताना माझा एक स्वर अर्धा केसभर ढळला तरी त्यांचे बोट वर होई. रोज पहाटे स्नान करून मी ओसरीवर त्यांच्यासमोर पाठ म्हणत असे. लहानपणापासून केसांत पांढरी बट येईपर्यंत मी तो म्हटला. बाबांचा प्रशंसेचा शब्द एकच होता, "शुद्ध". तो मला एकदाही मिळाला नव्हता. ते फक्त म्हणत, "उद्या पुन्हा."

असे बाबा एके दिवशी ट्रॅक्टरबरोबर त्या शेडमध्ये गेले आणि नंतर इंजिने ऐकायला रोजच जाऊ लागले. काठी त्यांच्या एका हातात आणि दुसरा हात माझ्या हातात. म्हणजे त्यांना त्याच्याकडे पोचविण्याचे काम माझेच होते.

तो बौद्ध होता. त्याच्या आजाला आमच्या ओसरीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, हे गावाला ठाऊक होते, आम्हाला ठाऊक होते आणि त्यालाही. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही. बाबांना सारे गाव 'महाराज' म्हणे. तो मात्र पहिल्या दिवसापासून 'बाबा' म्हणाला. बाबांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. मला वाटले. तो शब्द माझा होता.

त्याचे काम मी तिथेच बसून पाहिले. इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा असतात, त्यांना तो 'वाल' म्हणे. वरून एक दांडी झडपेवर दाब देऊन ती उघडते. दांडी आणि झडप यांच्यामध्ये बारीकशी फट ठेवावी लागते. ती फट जमविणे म्हणजे 'टॅपिट करणे'. इंजिन थंड असताना तो पोलादी पातळ पट्टी फटीत घाली, पेच किंचित फिरवी, नट आवळी आणि पट्टी पुन्हा ओढून पाही. "अडकत अडकत सरकली पायजे," एवढेच त्याचे शास्त्र.

एकदा असे काम संपवून त्याने आमचे इंजिन चालू केले. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "तिसरी अजून बोलते आहे."

तो खळखळून हसला. "बाबा, तुमी तं माह्या पोटावर पाय द्यायले निघाले!" झाकण काढून त्याने पाहिले. तिसऱ्या झडपेचा नट आवळताना पेच रेषभर फिरला होता. त्याने तो सारखा केला आणि इंजिन पुन्हा चालू केले. बाबांनी मान थोडी तिरपी केली.

"शुद्ध," ते म्हणाले.

त्या शब्दाची मी तीस वर्षे वाट पाहिली होती. तो माझ्या डोळ्यांदेखत डिझेलने माखलेल्या एका हाताला मिळाला. घरी येताना मी बाबांचा हात धरला खरा, परंतु वाटेतला दगड त्यांना सांगायला विसरलो. ते ठेचकाळले.

पुढे एकदा भावाचा ट्रॅक्टर टकटक वाजू लागला. बाबांना ताप होता, अंथरुणावरूनच ते म्हणाले, "मिस्त्रीला दाखवा."

"त्याला कशाला? मी करतो," मी म्हणालो.

कृती मला मुखोद्गत होती. एकदा पाहिलेले वा ऐकलेले मी विसरत नसे. प्रश्न होता तो फटीचा. मी विचार केला, मिस्त्री फट ठेवतो, कारण त्याला याहून चोख करता येत नाही. आम्ही संहिता म्हणताना वर्णाला वर्ण जोडतो, मध्ये रेतीचा कणही मावू देत नाही. दोष आहे तो फटीत. ती मिटली की टकटकही मिटेल. मी चारही पेच असे आवळले की पतंगाचा कागदही आत गेला नसता. इंजिन चालू झाले. टकटक नाही, काही नाही. भाऊ थक्क झाला. त्या दिवशी मी देवासमोर जास्तीचा दिवा लावला, हे सांगताना आजही संकोच वाटतो.

शेतात तासभर नांगरट झाली, ट्रॅक्टर तापला आणि धूर ओकून जागीच मेला. शेवटी बैलांनी ओढून तो शेडमध्ये आणावा लागला. मागून निम्मे गाव.

"काय गुरुजी, इंजनात संस्कृत जास्त भरलं का?" एकाने विचारले. हशा झाला.

"कोनं हात लावला याले?" मिस्त्रीने झाकण काढत विचारले.

"मी."

त्याने वर पाहिले आणि लोकांवर खेकसला, "जा ना बे घरी! तमाशा हाये का इथं?"

इंजिन थंड होईपर्यंत त्याने मला चहा पाजला. मग सर्वांत पातळ पट्टी चारही ठिकाणी लावून पाहिली.

"हात साफ हाये तुमचा, गुरुजी. चारी अगदी सारखे. पन जागाच नाई ठेवली. लोखंड तापलं का वाढते. थंड्यात जरासं सैल पायजे, तवा गरम्यात बरोबर बसते. जागा नसली तं वाल उघडाच राह्यते, अन् जोर निघून जाते." त्याने पट्टी फडक्याला पुसली. "राग नसन येत तं एक बोलू?"

"बोला."

"पहाटे मी तुमच्या घरामांगून येतो तं आयकतो. बाबा म्हनतात तवा मंधात दम असते. तुमी असंच आवळून म्हनता."

त्याने पट्टी माझ्या हातात दिली आणि चौथी झडप माझ्याकडून करून घेतली. पट्टी अडकत अडकत सरकली. बोटांना ते कळले, आणि त्याचा मला फार राग आला.

दुसऱ्या पहाटे बाबांच्या अंथरुणाशी बसून मी पाठ म्हटला. जिथे विराम आहे तिथे तो पुरता घेतला; श्वास आत येऊ दिला. बोट एकदाही वर झाले नाही.

"शुद्ध," बाबा म्हणाले. मग विचारले, "हे तुला कोणी सांगितले?"

"कोणी नाही."

"म्हणजे तुझे तुलाच सापडले!" त्यांनी चाचपडत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चार दिवसांनी मिस्त्री त्यांना भेटायला आला. पायरी चढून आत आला आणि खाटेजवळ बसला. बाबांना तोपर्यंत बोलताना धाप लागत होती, तरी त्यांनी त्याला पहिल्यांदा हेच सांगितले. "माझ्या मुलाला सापडले बरे. त्याचे त्यालाच."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी तांब्यातले पाणी पेल्यात ओतीत होतो; ते ओतीतच राहिलो.

"हाव बाबा," तो म्हणाला, "गुरुजीचा कान मुळातच चांगला."

त्याने खरे सांगितले असते तर मी त्याचा द्वेष करून मोकळा झालो असतो. त्याने तीही सोय ठेवली नाही. बाबा त्याच पंधरवड्यात गेले. ते समाधानाने गेले, असे सारे म्हणतात. ते खरे आहे, आणि ते समाधान कशावर उभे होते हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते.

वर्षभराने त्याला बुलढाण्याला काम मिळाले. मी स्टँडवर गेलो. कबुलीचे एक वाक्य मनात तयार करून नेले होते. वाटेत ते दोनदा म्हणूनही पाहिले होते. एसटीच्या टपावर त्याची हत्यारांची पेटी चढली होती. तो पायरीवर चढला, दाराच्या दांडीला धरून वळला आणि हात जोडून म्हणाला, "येतो गुरुजी. काई चुकलंमाकलं असन तं पोटात घाला."

"असू द्या," मी म्हणालो, आणि त्याला क्षमा केली.